भिंतीवरचा वाघ आणि उसातला बिबट्या

पिकावरची कीड, खताची मात्रा, पीकविमा, ठिबकचं अनुदान यांबद्दल कोणी विचारलं तर आम्हा कृषी खात्याच्या माणसांना काहीतरी उत्तर देता येतं. पण गावोगाव फिरताना अधूनमधून एक वेगळाच प्रश्न कानावर येतो. चहा संपत आलेला असतो, बाकीची मंडळी उठलेली असतात आणि मग एखादा आवाज खाली आणून विचारतो, "साहेब, जनावरात पेंढा भरून देणारा कोणी माहितीत आहे का?" कोणाच्या घरी आजोबांच्या वेळचं वाघाचं कातडं ट्रंकेत पडलेलं असतं आणि त्याला कसर लागलेली असते. कोणाच्या भिंतीवरच्या काळविटाच्या मुंडक्याचा कान गळून पडलेला असतो. कोणाला धरणात गळाला लागलेला मोठा मासा दिवाणखान्यात लावायचा असतो. आणि कोणाच्या उसात बिबट्या मरून पडलेला असतो. हा शेवटचा माणूस मात्र स्वतःचं नाव सांगत नाही, "आमच्या पाहुण्यांकडं" असं म्हणतो.

या चौघांना एकच उत्तर देता येत नाही, म्हणून हा लेख. पण त्यातलं निम्मं उत्तर सारखं आहे. असा माणूस खासगीत शोधू नका. गावात, तालुक्याला किंवा पुण्या-मुंबईला कोणी "गुपचूप करून देतो" म्हणाला, तर तो तुम्हाला तुरुंगाच्या वाटेला लावतोय असं समजा.

आधी हा धंदा काय आहे ते पाहू. आपण पेंढा भरणं म्हणतो, पण त्यात पेंढा फारसा नसतोच. अकोल्याच्या भाताचा पेंढा गुरांनाच पुरत नाही, तो वाघाच्या पोटात कोण घालणार! जनावराचं कातडं अखंड सोलतात, मीठ चोळून पाणी काढतात, ते कमावतात आणि मग जनावराच्या मापाच्या साच्यावर चढवून शिवतात. साचा पूर्वी लाकडाचा भुसा, तागाचे धागे, कागदाचा लगदा यांचा असे, आता फोम किंवा फायबरचा असतो. डोळे काचेचे असतात. जनावराचं म्हणाल तर कातडं, नखं, शिंगं आणि कधी दात एवढंच खरं, बाकी सगळी कारागिरी. मांसाचा एक कण आत राहिला तरी वास सुटतो आणि किडे पडतात. हौसेनं घरी करायचं हे काम नव्हे.

आपल्या देशात या कामात सर्वांत नाव होतं ते म्हैसूरच्या व्हॅन इंगेन कंपनीचं. गेल्या शतकाच्या सुरुवातीपासून ते १९९९ पर्यंत हा कारखाना चालला. राजेरजवाडे, इंग्रज कलेक्टर, मोठे जमीनदार यांनी मारलेले वाघ-बिबटे इथे रेल्वेनं यायचे. चाळीस हजारांहून जास्त वाघ आणि बिबटे या एका कारखान्यातून तयार होऊन गेले, असा त्यांच्या कामाचा अभ्यास करणाऱ्याचा अंदाज आहे. हा आकडा वाचून आज अंगावर काटा येतो. त्याच घराण्यातल्या एकानं १९४६ साली कबिनी नदीत गळानं १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोंचा महसीर मासा धरला. गळानं धरलेल्या महसीरमध्ये त्याचं नाव अजून घेतलं जातं. शिकारी, गळवाले आणि पेंढा भरणारे हे तिघं असे एकाच घरात नांदत होते. कोल्हापूरच्या न्यू पॅलेसच्या संग्रहालयात गेलात तर त्या काळाची कल्पना येते. दालनभर जनावरं काचेच्या डोळ्यांनी आपल्याकडे बघत उभी आहेत.

तो काळ कायद्यानं संपवला. १९७२ साली वन्यजीव (संरक्षण) कायदा आला आणि शिकार गुन्हा ठरली. १९८६ च्या दुरुस्तीनं वाघ-बिबट्यासारख्या संरक्षित प्राण्यांच्या कातड्या-शिंगांचा व्यापारही बंद केला. कायद्यात 'ट्रॉफी' शब्दाची व्याख्या आहे, ती गावातल्या प्रत्येकानं नीट समजून घ्यावी. त्यात नुसतं पेंढा भरलेलं जनावर येत नाही. कातडं, शिंग, हाड, नख, दात, केस, पीस, अंडं, कवच हे सगळं येतं. गळ्यातलं वाघनख येतं. मठातलं व्याघ्रचर्म आणि मृगाजिन येतं. जत्रेत "हाताजोडी" नावाची मुळी म्हणून जे विकतात, ते घोरपडीच्या नराचं लिंग असतं, आणि तेही येतं. (देवघरात ठेवून लक्ष्मी येते म्हणे! येतो तो वनरक्षक.) मोराच्या आपोआप गळलेल्या पिसाला तेवढी सूट आहे.

आता उसातल्या बिबट्याकडे येतो.

संगमनेर, अकोले, राहुरी, श्रीरामपूर या पट्ट्यात बिबट्या आता पाहुणा राहिलेला नाही. ऊस हेच त्याचं रान झालं आहे. पिल्लं उसातच होतात, तोडणीच्या वेळी सापडतात. रात्री पाणी द्यायला जाणाऱ्या माणसाचा जीव मुठीत असतो. शेळ्या जातात, कालवडी जातात, कुत्री तर उरलीच नाहीत. माणसंही गेली आहेत. अशा माणसाला "वन्यजीव हे राष्ट्राचं वैभव" असं सांगायला गेलं की तो म्हणतो, "वैभव तुमच्या बंगल्याच्या आवारात बांधा." त्याचा राग मला कळतो. पण त्याच रागाच्या भरात मेलेल्या बिबट्याची नखं काढली जातात आणि तिथून त्या घराचं वाटोळं सुरू होतं.

कायदा असा आहे की वन्यप्राणी मेला तरी तो सरकारी मालमत्ता असतो. विहिरीत बुडून मेला, रस्त्यावर गाडीखाली आला, तारेला चिकटला, म्हातारपणानं मेला, कसाही मेला तरी तो सरकारचा. असं जनावर किंवा त्याचा कुठलाही भाग कोणाच्या ताब्यात आला, तर त्यानं ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा वनाधिकाऱ्याला कळवायचं. बिबट्याच्या पुढच्या पायांना पाच-पाच आणि मागच्यांना चार-चार अशी अठरा नखं असतात. पंचनाम्यात ती मोजली जातात, सुळे मोजले जातात, मिशासुद्धा पाहिल्या जातात. एक नख कमी भरलं की सगळ्या वस्तीची चौकशी लागते. गुन्हा शाबित झाला तर तीन ते सात वर्षं कैद आणि कमीत कमी २५ हजार रुपये दंड आहे. दंड आधी दहा हजार होता, २०२२ च्या दुरुस्तीनं वाढला आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू झाला. कोर्टाच्या तारखांना जाण्यात जो पैसा आणि जे हंगाम जातात, त्यांचा हिशोब यात नाही. आणि कशासाठी? पोराच्या गळ्यात घालायच्या एका नखासाठी. बाजारात विकली जाणारी पुष्कळशी वाघनखं तर बैलाच्या शिंगाची किंवा खुराची घासून केलेली असतात. म्हणजे घेणारा फसतो आणि खरं विकणारा आत जातो.

रानडुकराचंही तेच. २०१५ साली राज्य सरकारनं पिकाची नासाडी करणारी रानडुकरं आणि रोही मारण्यासाठी परवानगी द्यायची पद्धत घालून दिली. वनक्षेत्रपालाची लेखी परवानगी लागते. परवानगी मिळाली म्हणून मारलेलं डुक्कर आपलं झालं असं पुष्कळांना वाटतं. ते आपलं नसतं. त्याचा सुळा घरात लावणं, मटण वाटून घेणं हे सगळं त्या परवानगीच्या बाहेरचं आहे.

इथपर्यंत मी सरकारची बाजू सांगितली. आता सरकारला दोन शब्द सांगायचे आहेत.

मेलेलं जनावर सरकारचं असेल, तर सरकारनं ते वेळेवर न्यायलाही यावं. गावानं सकाळी सातला फोन करायचा आणि पंचनाम्याला माणूस तिन्हीसांजेला यायचा, तोवर जनावराभोवती जत्रा भरते, फोटो निघतात, आणि गर्दीत कोण काय उपटून नेतो ते पोलीस पाटलालाही कळत नाही. पुढे जबाब मात्र शेतमालकाला द्यावा लागतो. मेलेल्या शेळीच्या भरपाईसाठी त्याला हेलपाटे मारायला लावायचे आणि मेलेल्या बिबट्यासाठी त्यालाच दरडावायचं, ही रीत बरी नव्हे. वनखात्याकडे माणसं कमी आहेत हे मी जाणतो. आमच्या खात्यातही तेच रडगाणं आहे. पण मग तेवढा वेळ जनावराजवळ थांबायचा, पंचांसमक्ष नखं-दात मोजून लिहून ठेवायचा अधिकार पोलीस पाटील आणि ग्रामसेवकांना लेखी द्यावा. नुसत्या "हात लावू नका" या सूचनेनं गर्दी हटत नाही. सध्या तरी, मित्रांनो, १९२६ या वनखात्याच्या टोल-फ्री क्रमांकावर फोन करा, केलेली वेळ लिहून ठेवा, मोबाइलवर जनावराच्या चारही पायांचे फोटो काढून ठेवा. पुढे तेच तुमचं संरक्षण.

दुसरी गोष्ट जुन्या भिंतींवरच्या जनावरांची, आणि माझ्या मते जास्त अन्याय तिथे आहे.

१९७२ च्या आधी परवाना काढून शिकार करता येत होती. त्या वेळची कातडी-मुंडकी घरात असणं हा त्या घराचा गुन्हा नव्हता. कायदा आल्यावर तीस दिवसांत ती जाहीर करून मालकीचं प्रमाणपत्र घ्यायचं होतं. ज्यांच्याकडे वर्तमानपत्र आणि वकील येत होते त्यांनी ते केलं. ज्यांच्याकडे यातलं काहीच येत नव्हतं, त्यांची कातडी ट्रंकेतच राहिली. पुढे २००३ साली केंद्र सरकारनं आणखी एक संधी दिली, १८० दिवसांची. तेव्हाही ती दवंडी किती गावांत पिटली गेली? तालुक्यातल्या जुन्या सरपंचांना मी मुद्दाम विचारलं. एकालाही आठवत नाही. कोणाच्या ग्रामसभेत तो विषय आला नाही, चावडीवर नोटीस लागली नाही. मुदत संपली आणि घरात पडलेली वस्तू एका रात्रीत चोरीच्या मालासारखी झाली.

ज्यांच्याकडे प्रमाणपत्र आहे त्यांच्यासाठी कायदा तसा सोपा आहे. ती वस्तू विकता येत नाही, मोबदला घेऊन देता येत नाही. वारसाहक्कानं मुलाकडे जाते, पण मुलानं ९० दिवसांत मुख्य वन्यजीव रक्षकांकडे तसं जाहीर करावं लागतं. हे ९० दिवस कोणालाच ठाऊक नाहीत. दहावं-तेरावं होतं, सातबाऱ्यावर वारस लागतात, भिंतीवरच्या सांबराचा वारस मात्र लागत नाही! २०२२ च्या दुरुस्तीनं आणखी एक सोय झाली. प्रमाणपत्र असलेल्याला ती वस्तू नको असेल, तर कामकाजाच्या सात दिवसांची लेखी सूचना देऊन ती सरकारजमा करता येते. पैसे मिळत नाहीत, पण डोक्याचा ताप जातो.

आणि ज्याच्याकडे प्रमाणपत्रच नाही? त्याला ठेवता येत नाही, विकता येत नाही, टाकता येत नाही, आणि सरळ जाऊन परत करावं तर गुन्हा कबूल केल्यासारखं होतं. एका गावात सत्तरीच्या पुढच्या एका मावशींनी मला विचारलं, "दादा, सासऱ्यांनी मारलेला वाघ आहे. माझ्या लग्नाच्या आधीचा. त्यावर आता मला जेलात घालतील का?" याला मी काय उत्तर द्यावं? चांगल्या वकिलाला विचारून त्याच्यामार्फत वनखात्याकडे अर्ज करा, एवढंच मला सांगता आलं. वकिलाची फी कोण देणार हे त्यांनी विचारलं नाही, पण त्यांच्या चेहऱ्यावर ते दिसत होतं. पुष्कळ घरं हा प्रश्न चुलीत सोडवतात. रात्री कातडं जाळतात, शिंगं विहिरीत टाकतात. एखादा ते शहरातल्या दलालाला देतो आणि मग खरोखरच गुन्हेगार होतो.

मोठ्यांचं कसं असतं तेही पाहा. केरळमध्ये एका नामवंत सिनेनटाच्या घरी २०११ साली आयकराच्या छाप्यात हस्तिदंत सापडले. पुढे सरकारनं त्यांना ते जाहीर करायची वाट काढून दिली आणि मालकीची प्रमाणपत्रंही मिळाली. २०२५ साली केरळ उच्च न्यायालयानं ती रद्दबातल ठरवली हे बरं झालं. पण मुद्दा असा की सिनेनटासाठी मुदत संपल्यावरही वाट निघू शकते, तर मावशींसाठी का निघू नये?

माझं म्हणणं एवढंच आहे. केंद्र सरकारनं प्रमाणपत्र नसलेल्या जुन्या वस्तूंसाठी आणखी एकदा मुदत द्यावी. ठेवून घेण्यासाठी नको, फक्त परत करण्यासाठी. जो मुदतीत आणून देईल त्याच्यावर खटला नको. वस्तू जुनी की ताजी, ते कातड्यावरून आणि कमावण्याच्या पद्धतीवरून जाणकाराला ओळखता येतं, तेव्हा या वाटेनं ताज्या शिकारी पांढऱ्या होतील ही भीती धरून बसायचं कारण नाही. आणि या वेळी दवंडी खरोखरच पिटावी. ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय सक्तीनं घ्यावा.

परत आलेल्या वस्तूंचं काय करायचं? आज जप्त झालेला माल कोठडीत कुजतो नाही तर जाळला जातो. मेलेले बिबटेही शवविच्छेदनानंतर बहुतेक वेळा जाळतात, म्हणजे अवयवांची चोरी होऊ नये. ते कारण योग्य आहे. पण सगळेच जाळावे असं नाही. मुंबईला परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकवणारे डॉ. संतोष गायकवाड ही विद्या स्वतःच्या खटपटीनं शिकले आणि २००९ साली बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात वनखात्याचं केंद्र त्यांच्या हातून सुरू झालं. नैसर्गिकरीत्या मेलेले वाघ, बिबटे, सिंह तिथे परवानगीनं तयार झाले. म्हणजे रीतसर वाट आहे. आपल्या जिल्ह्यात राहुरीला कृषी विद्यापीठ आहे, कर्जत तालुक्यात रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य आहे. वर्षाकाठी चांगल्या अवस्थेत मिळालेलं एखादं काळवीट, एखादा बिबट्या, रस्त्यावर मेलेलं उदमांजर किंवा घुबड वनखात्यामार्फत तयार करून जिल्ह्याच्या ठिकाणी ठेवलं, तर शाळेतल्या पोरांना उंदीर खाणारं घुबड जवळून पाहता येईल आणि त्याला अशुभ म्हणून दगड मारायची सवय कदाचित कमी होईल. पक्षितज्ज्ञ सलीम अली लहानपणी छऱ्याच्या बंदुकीनं मारलेली पिवळ्या गळ्याची चिमणी घेऊन मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले, तिथल्या मिलर्डसाहेबांनी त्यांना कपाटातले पेंढा भरलेले पक्षी दाखवले आणि त्या पोराचं आयुष्य बदललं. आमच्या पोरांना असं कपाट कुठे आहे?

एक सावधगिरी मात्र माझ्या खात्याच्या अधिकारात सांगतो. जुन्या काळी कातड्याला आतून सोमलाचा, म्हणजे आर्सेनिकचा साबण चोळत असत, कसर लागू नये म्हणून. ते विष पन्नास-शंभर वर्षांनीही तसंच राहतं आणि झडलेल्या केसांत, धुळीत मिसळतं. कीटकनाशकाच्या डब्यावर लाल त्रिकोण तरी असतो, भिंतीवरच्या मुंडक्यावर तोही नाही. तेव्हा जुनं मुंडकं झाडूनं झटकू नका, पोरांना त्यावर हात फिरवू देऊ नका, कातडं अंथरून त्यावर बसू नका. हात लावलाच तर साबणानं धुवा. कसर लागली म्हणून त्यावर कपाशीचं औषध फवारणारे महाभागही मी पाहिले आहेत. एका विषावर दुसरं विष. शाळा-कॉलेजच्या प्रयोगशाळेत असे जुने पक्षी-प्राणी असतील तर ते काचेच्या बंद कपाटात ठेवावेत.

गळवाल्यांचं काम त्या मानानं सोपं आहे. मुळा धरण, भंडारदरा इथे रोहू, कटला, मरळ गळाला लागतात. पाण्याचा ठेका ज्या मच्छीमार संस्थेकडे आहे तिची परवानगी असेल तर प्रश्न नाही, आणि असे नेहमीचे मासे जतन करायला कायद्याची आडकाठी नाही. पण माशाचं कातडं सुकलं की रंग उडतो, तो पुन्हा रंगवावाच लागतो. म्हणून परदेशातले गळवाले आता माशाची लांबी, घेर मापून फोटो काढतात, मासा परत पाण्यात सोडतात आणि त्या मापाची फायबरची प्रतिकृती करून भिंतीवर लावतात. अंड्यावर आलेली मोठी मादी सोडून दिली तर पुढच्या वर्षी धरणात मासे असतात, हे आपल्या भोई बांधवांना कोणी शिकवायला नको.

ज्यांना आपल्या खिल्लार बैलाची आठवण ठेवायची आहे त्यांनाही हा वन्यजीव कायदा लागू नाही, तो पाळीव प्राणी. पण खर्च ऐकलात तर त्यात दुसरा बैल येईल. चांगला फोटो काढून फ्रेम करा.

येत्या ग्रामसभेत सरपंच आणि ग्रामसेवकांनी दोन ठराव मांडावेत अशी विनंती आहे. मेलेल्या वन्यप्राण्याजवळ थांबून नोंद करण्याचा अधिकार पोलीस पाटलांना लेखी मिळावा, हा एक. जुन्या शिकारीच्या वस्तू खटल्याविना परत करण्यासाठी मुदत मिळावी, हा दुसरा. कोणाच्या घरात काय आहे त्यांची नावं ठरावात घालू नका. ठरावाची एक प्रत उपवनसंरक्षकांना, एक नागपूरला मुख्य वन्यजीव रक्षकांना आणि एक आपल्या खासदारांना पाठवावी, कारण दुसरं काम दिल्लीतूनच व्हायचं आहे. पोच मात्र प्रत्येकाकडून घ्यावी.